नाव सोडून सगळं सांगतो

संपादक साहेबांचा फोन आला. म्हणले, "तुमच्या कामाचे अनुभव लिहा. पण खरंखुरं लिहा हं, गावाचं नाव, माणसांची नावं, सगळं येऊ द्या." मी म्हणलं, साहेब, तुमी माणूस चुकलात. आमचं कामच असं होतं की समोरच्याला सगळं विचारायचं आणि त्याला काहीच सांगायचं न्हाई. सोयरीक जमवणाऱ्या माणसाच्या एकदम उलटं.

म्हणून आधीच सांगतो, गाव कोणतं हे शोधत बसू नका. परळी वैजनाथहून धर्मापुरीकडं जाताना लागतं म्हणा, न्हाईतर दिंद्रुडच्या अंगाला हाय म्हणा. मी मुद्दाम रस्ता फिरवलाय. यात एक शिलाईवाली ताई येणार हाय, तिचा धंदाबी फिरवला असंल. एडका मात्र एडकाच हाय. त्याला बदलून दुसरं काय करणार?

कोरोना आला तवा मी नकला करायचो. गणपतीत, गॅदरिंगला, लग्नात जेवणं लांबली की. आमचे हेडमास्तर, एसटीचा कंडक्टर, दूध चोरणारी म्हैस, उतू जाणारा कुकर, सगळं जमायचं. सगळं बंद झालं तसा मी बी बंद झालो. घरात बसून आईला कुकर करून दाखवायचो तर ती खरंच गॅस बंद करायला पळायची. मग चिडून म्हणायची, "जा बाबा कुठंतरी कामाला."

तेवढ्यात आरोग्य खात्याला फोनवर बोलणारी पोरं पाहिजे होती. कंत्राटी काम. मुलाखतीला डॉक्टर मॅडम होत्या. "तुला काय येतं?" म्हणल्या. मी म्हणलं, "आवाज." आणि त्या वेळी कुणालाबी फोन लावला की आधी खोकला आणि मग एक बाई सूचना द्यायची, ती बाई मी त्यांना खोकल्यासकट करून दाखवली. मॅडमनी घाईघाईनं मास्क नीट केला आणि मग हसल्या. लागलो कामाला.

पहिल्याच दिवशी मी त्याच बाईच्या आवाजात फोन करायला लागलो. लोकांना वाटायचं रेकॉर्डिंग लागलंय. एक म्हातारा तर "ही बया पुन्हा आली" म्हणून ठेवून द्यायचा. मॅडम पाठीमागं कधी येऊन उभारल्या कळलं न्हाई. "हे बघ," म्हणल्या, "इथं एकच आवाज चालंल. तुझा. तो तरी येतो ना तुला?"

आता हे काम काय होतं ते सांगतो. समजा तुमच्या खिशात फोन, माझ्या खिशात फोन, दोन्हीत ते सरकारी ॲप. आपण दोघं चहाला बसलो. आपल्या गप्पा चालू अन् फोनांच्या वेगळ्याच चालू. तुमचा फोन माझ्या फोनाला एक लांबलचक आकडा सांगणार, माझा तुमच्या फोनाला सांगणार. नाव न्हाई, गाव न्हाई, पाहुणे कुणाकडले ते न्हाई. आपल्याकडं दोन माणसं इतका वेळ शेजारी बसून एकमेकांचं नाव काढत न्हाईत म्हणजे ती भांडलेली भावकीच असती. पण फोनांचं तसंच ठरलेलं. मग एखादा पॉझिटिव्ह निघाला, की त्याच्या फोनाजवळ कोणते फोन बसले होते ते वर कळायचं, आणि वरून त्या फोनांचे नंबर आमच्याकडं यायचे. आमी फोन करायचा. तुमी एका बाधित व्यक्तीच्या जवळ आला होता, तपासून घ्या, घरात वेगळे राहा. कोण व्यक्ती? सांगायचं न्हाई. कुठं? न्हाई. कधी? ते बी न्हाई, कारण बाजारच्या दिवशी म्हणलं तरी माणसं पुढचं जुळवतात.

आणि माणसं लई हुशार. मी म्हणायचो, "ती व्यक्ती सध्या उपचार घेत आहे." पलीकडून लगेच, "ती? म्हणजे बाई हाय का?" मी म्हणायचो, "व्यक्ती हो, व्यक्ती." "मग तो म्हणा की."

आमच्या हापिसाची खिडकी उघडली की औष्णिक केंद्राची राख टेबलावर यायची. कागद हाताशी नसला की मी त्या राखेत बोटानं नंबर लिहायचो. मॅडम जाता जाता फडक्यानं पुसायच्या. "राखेत लिहिलेलंबी वाचता येतं," म्हणायच्या. त्यांचा एकच ध्यास होता. लोक आजाराला जेवढं भीत न्हाईत तेवढं गावाला भितात. नाव फुटलं असं एकदा जरी झालं तर उद्या कुणी तपासायलाच येणार न्हाई.

मला हे पटलं ते ताईमुळं.

तिला आपण नुसतं ताई म्हणू. नवऱ्यानं सोडलेली, एक लहान पोरगी, गावात भाड्याच्या एका खोलीत शिलाई मशीन टाकून बसलेली. ती पॉझिटिव्ह आली तवा परळीच्या सेंटरला भरती झाली. पोरगी बहिणीकडं ठेवली, ती निगेटिव्ह होती. गावात सांगून गेलती की बहिणीचं बाळंतपण हाय. भरती असलेल्यांची रोज फोनवर चौकशी करायची, ते काम माझ्याकडंच होतं.

"ताप हाय का ताई?"

"ताप उतरला. भाऊ, एक विचारू? माझं नाव गावात कळंल का?"

"न्हाई कळणार."

"नक्की?"

"कावून इतकं घाबरायलात?"

"खोली नानाची हाय. नाना आधीच म्हणत्यात, एकटी बाई, बायांची येजा, मशीनचा आवाज. त्यांना कारणच पाहिजे. कळलं तर मी यायच्या आधी मशीन रस्त्यावर असंल. पोरीला घेऊन कुठं जाऊ मी?"

मी म्हणलं, "ताई, माझ्या तोंडून न्हाई जाणार." आता बघा, ज्या पोराच्या तोंडात शाळेत असताना काहीच टिकायचं न्हाई, त्यानं हा शब्द दिला होता. मला स्वतःलाच हसू आलं.

ॲपवरून तिच्या संपर्कातले नंबर आले होते. सहा. त्यातले पाच लागले, त्या सगळ्या बाया. ब्लाऊजचं माप द्यायला आलेल्या. मी सकाळीच सगळ्यांना फोन केलते. एक नंबर तेवढा लागत नव्हता, सारखा कव्हरेजच्या बाहेर.

दुपारी आमच्या हापिसात फोन वाजला. भारदस्त आवाज. "मी तहसीलदार बोलतोय. आमच्या, म्हणजे आपल्या त्या गावात कोण बाधित निघालं, नाव सांगा ताबडतोब."

अहो, माणसानं नकलाकाराला तरी फसवू नये. मागं कोंबडा आरवत होता. तहसीलदारांच्या केबिनीत कोंबडा असतो का? शिवाय तंबाखू गालात एका बाजूला होती.

मी म्हणलं, "साहेब, आवाज बरा काढलाय, पण तहसीलदार साहेब इतकं ओरडत न्हाईत. त्यांना ओरडायची गरजच पडत न्हाई. थोडं सावकाश घ्या. आणि तंबाखू थुंकून या."

पलीकडं पचकन थुंकल्याचा आवाज. मग खरा आवाज आला. "मी नाना बोलतोय."

नाना म्हणजे ताईचे घरमालक. गावात त्यांना कुठलंच पद न्हाई, पण सगळ्या पदांची कामं तेच करतात. वाईट माणूस म्हणता येणार न्हाई. गावात आपल्याला न कळता काही घडतंय हे त्यांच्या अंगावर पित्तासारखं उठतं, एवढंच.

"हे बघ बाळा," नाना म्हणले, "तुला नियम हाय, मला मान्य हाय. तू नाव नको सांगू. मी एकेक नाव घेतो. बरोबर आलं की तू नुसता खोक."

"नाना, इथं आमी खोकलो तर आमालाच उचलून नेतील."

"बरं, मग नुसतं हं म्हण."

"न्हाई."

"न्हाई म्हणजे ते नाव न्हाई, का हं म्हणणार न्हाई?"

बघा आता. अशा माणसाशी गाठ. मी फोन ठेवणार तेवढ्यात त्यांनी खरी गोष्ट सांगितली. "नको सांगू जा. सकाळी पाच-सहा बायांना तुमचा फोन आला एवढं कळलंय, कोन त्या ते कुणी सांगंना. उद्या सकाळी पारावर सगळ्यांना बोलावलंय. ज्यांना ज्यांना तुमचा फोन आला त्यांनी उभारायचं आन् गेल्या आठवड्यात कुठं कुठं गेलतो ते सांगायचं. सगळे ज्या एका घरी गेलते ते घर सापडलं की संपलं. तुझं ॲप बिप गेलं खड्ड्यात."

माझा हसरा चेहरा तिथंच वाळला. नाना बरोबर होते! पाच बाया उभारल्या, की पाचहीजणी ताईच्या दारात सापडणार. ॲप बनवणाऱ्या शहरातल्या पोरांनी लई डोकं चालवलं असंल, आकडे बदलते ठेवले, नावं झाकली. पण त्यांनी कधी पार बघितला नव्हता.

मी मॅडमकडं पळालो. त्या बी कपाळाला हात लावून बसल्या. मी म्हणलं, "मॅडम, शाळेत आमी काय करायचो सांगू? मास्तर फळ्याकडं वळले की मी मांजर काढायचो. एकट्यानं म्याव केलं की मास्तर बरोबर मला धरायचे. मग आमी ठरवलं, एकानं म्याव केलं की सगळ्या वर्गानं म्याव करायचं. मास्तर धरतील कुणाला?"

मॅडमनी गावाची यादी पुढं ओढली. मग म्हणल्या, "त्या गावात तपासणीचं शिबिर घ्यायचंच हाय. घरोघर निरोप द्यावाच लागणार. मग आजच फोन करू. सगळ्यांना." आणि बोट उगारून, "पण खोटं एक अक्षर बोलायचं न्हाई."

मग काय! मी आणि बाकीची पोरं बसलो ते अख्ख्या गावाला फोन करायला. तुमच्या गावात रुग्ण आढळलाय, शाळेत शिबिर हाय, घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्या. ज्या बाया खरंच संपर्कात होत्या त्यांना बी पुन्हा फोन, वेगळं राहताय ना म्हणून. शेजारच्याला ऐकून फरक कळू नये म्हणून सगळ्यांशी सारखाच वेळ बोलायचं. ज्यांना सांगण्यासारखं कमी होतं त्यांना मी म्हशी किती, पोरगं कोणत्या वर्गात, गुडघे दुखतात का, असं विचारत बसायचो. एक आजी म्हणली, "सरकार लई चांगलं हाय रं, माज्या पोरानं बी इतकं विचारलं न्हाई." नानाला पण फोन केला. नाना म्हणले, "मला कावून? मी कुठंच गेलो न्हाई." मी म्हणलं, "नाना, सगळे असंच म्हणतात." नानाचा आवाज जरा उतरला. "माजा घसा तसा दुखतोय हं."

आणि अचानक तो न लागणारा नंबर लागला. ताईच्या जवळचा शेवटचा फोन. पलीकडं घंटा, एकच गलका आणि बेंऽऽ.

मला वाटलं कुणीतरी माझीच नक्कल करतंय. मी म्हणलं, "कोण बोलतंय?"

"बेंऽऽ."

इतकी अस्सल नक्कल! मी जरा जळलोच. मग लांबून हाका आल्या, "ए थांब! थांब की बे हवालदार! फोन आलाय!" आणि धापा टाकत एक माणूस बोलायला लागला. "कोन हाय? बिरा बोलतोय."

बिरा आबा. मेंढरं राखणारा माणूस. त्यांच्या कळपाच्या पुढं चालणारा एडका, त्याचं नाव हवालदार. फोन एडक्याच्या गळ्यात.

"आबा, फोन एडक्याच्या गळ्यात कावून बांधला?"

"गानी लावून सोडतो की. गान्याच्या मागं मेंढरं येत्यात, मला हाका माराव्या लागत न्हाईत. आन् लांडगा बी जवळ यीत न्हाई, त्याला वाटतंय लगीन हाय."

"आन् ते ॲप?"

"चेकपोस्टवर पोलिसांनी घालून दिलं. त्याबिगर पल्याड सोडनात. मी म्हनलं घाला, त्याच्या गळ्यात हाय, त्यालाच घाला."

म्हणजे बघा, ताईनं बोलता बोलता सांगितलं होतं, ती रोज सकाळी मागच्या दारात एडक्याला शिळी भाकरी घालायची. एडका तिथं निवांत रवंथ करत उभारायचा. आणि दोन फोनांच्या गप्पा रंगायच्या. सरकारच्या हिशेबी त्या गावातला सगळ्यात जवळचा संपर्क म्हणजे हवालदार.

पण हे मला आबाला सांगता येईना. संपर्क कुणाशी झाला ते सांगायचं न्हाई, हा नियम एडक्यालाबी लागूच होता. मी म्हणलं, "आबा, हा फोन जिथं होता, तिथं जवळपास एक बाधित व्यक्ती होती. फोनाजवळ कोण होतं?"

"एडका."

"बरं. तुमी तपासून घ्या. आन् चार दिवस एडक्याला गावात सोडू नका."

"म्हंजे हवालदाराला सरकारचा फोन आला म्हना की!" आबाच्या आवाजात जो अभिमान होता, तो माझ्या नोकरीबद्दल आमच्या आईला बी नव्हता.

सकाळी पारावरची बैठक झाली. नानांनी मला मुद्दाम फोन लावून स्पीकरवर ठेवलं. म्हणले, "ऐक तू बी. सगळे मास्क लावून, लांब लांब बसलेत." मग मोठ्यानं, "ज्यांना ज्यांना फोन आला त्यांनी उभारा!"

खुडबुड, खुडबुड.

"अरे बसा की! सगळेच कावून उभारले?"

कुणीतरी बोललं, "नाना, सगळ्यांनाच आलाय. तुमाला बी आलता म्हन की. तुमी बी उभारा."

हशा. मी हापिसात दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मॅडम पण येऊन कान देऊन बसल्या. पण नाना हार मानणारा गडी न्हाई. "ठीक हाय. काल सकाळी, पहिल्यांदा कुणाला आला ते सांगा. त्या पाच-सहा बाया कोन?"

आमी दोघं एकमेकांकडं बघायला लागलो. हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. पहिले फोन तर खरेच होते.

आणि मग एका काकूचा आवाज आला. ही काकू पहिल्या पाचात होती, मला आवाज ओळखू आला. "मला आलता पहिल्यांदा. आन् मला ठाऊक हाय कशानं." काकू म्हणली, "तो बिराचा एडका. रोज माज्या दारात येतो मेला. त्याच्या गळ्यात फोन हाय."

लगेच दुसरी. "आगं बया, माज्या बी दारात!"

तिसरी म्हणली, "माजा तर पदर खाल्ला त्यानं परवा."

चौथी, पाचवी. आमी सगळ्यात आधी ज्यांना फोन केलते त्या सगळ्या एकामागून एक बोलल्या. त्यातली एक तर एडक्याला शिंकताना बघितलं म्हणली. मॅडम हळूच म्हणल्या, "यांना ताईचं ठाऊक हाय रे." असणारच की! पाचहीजणी एकाच दारात माप द्यायला गेलत्या, त्यांना जुळवायला पार कशाला पाहिजे? आमी इथं झाकून झाकून बेजार, आणि बायांनी आधीच झाकलं होतं.

तेवढ्यात बिरा आबा तिथं पोचले. लांब उभारून ओरडले, "खरं हाय! माज्या हवालदाराला सोता सरकारचा फोन आलता! म्हनले, चार दिस गावात सोडू नका!"

एकच गोंधळ. नानांनी फोन तोंडाजवळ घेतला. "काय रे? एडका हाय का? खरं सांग."

मॅडमनी बोट उगारलं. खोटं एक अक्षर न्हाई. मी घसा साफ केला आणि माझ्या एकुलत्या एक खऱ्या आवाजात म्हणलं, "नाना, बाधिताची ओळख आमाला सांगता येत न्हाई. मग तो माणूस असो नाहीतर जनावर."

नाना पाराला म्हणले, "झालं. एडकाच हाय."

ताई बरी होऊन गावात गेली. खोली तिचीच, मशीन तिथंच. मला वाईट वाटलं ते बिरा आबाचं. कितीतरी दिवस लोक त्यांना लांबूनच बोलायचे. मी फोन करून विचारलं तर म्हणले, "आमी तर नेहमीच गावाभाईर असतो. पर आता लोक इचारत्यात तरी, हवालदार कसा हाय म्हून." ते हसले. मला नीट हसता आलं न्हाई.

पुढं लस आली. त्या गावात शिबिर लागलं आणि नावं लिहायला मी गेलो. शाळेच्या व्हरांड्यात रांग, पुढं खुर्ची टाकून नाना. त्यांनी मला कधी बघितलं नव्हतं, आणि मी आवाज बारीक करून बोलत होतो. पण एक बाई पुढं आली, गळ्यात माप घ्यायची टेप, आणि मी चुकून माझ्या रोजच्या आवाजात म्हणलो, "या ताई."

तिनं चटकन वर बघितलं. डोळे तेवढे मास्कच्या वर हसले.

नाना म्हणले, "बाई, तू बहिणीकडं गेलतीस तवा हितं लई तमाशा झाला. त्या एडक्यानं सगळ्या गावात कोरोना केला. मीच शोधून काढलं." आणि सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली, हातवारे करून.

ताईनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणली, "अगं बाई! मग नाना, त्याला लस दिली का न्हाई?"

नाना गंभीर झाले. माझ्याकडं वळले. "हो की ओ. जनावराची येगळी असती, का हीच चालती?"

मी हसू दाबायला गेलो आणि मला असा ठसका लागला म्हणून सांगू! खोकतोय, खोकतोय, थांबतच न्हाई. रांग एका उडीत पटांगणात. नाना खुर्चीसकट मागं सरकले आणि ओरडले, "याचा फोन बघा बे आधी! हा कुणाजवळ बसलता बघा!"

ताई तेवढी जागची हलली न्हाई. मी पाणी पिऊन होईपर्यंत थांबली. मग साऱ्या पटांगणाला ऐकू जाईल असं तिनं आपलं नाव सांगितलं, आडनावासकट, आणि म्हणली, "लवकर लिवा भाऊ. सांजच्याला ब्लाऊज द्यायचे हायत."

पटांगणातून काकू ओरडली, "माजा आधी शिव गं!" आणि येऊन ताईच्या मागं उभारली. तिच्या मागं दुसरी, मग तिसरी. रांग पुन्हा लागली. नाना शेवटी.